खरूज कशी ओळखावी

खरूज ओळखावयाची असेल तर कातडीकडे पाहण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. खाज रात्रीं निजल्यावर वाढते काय? आणि घरांत आणखी कोणाला खाजतें? दोहोंचें उत्तर "होय" आलें म्हणजे अर्धें निदान झालें.

मग रोग्याला उजेडांत बसवून बोटांच्या बेचक्या व मनगटें पाहावीं. नंतर कोपर, काखा, बेंबी, करगोट्याची जागा व ढुंगण. पुरुषांच्या गुह्येंद्रियावर व स्त्रियांच्या स्तनाग्रांभोवतींही बारीक पुटकुळ्या येतात, पण लाजेनें तें कोणी सांगत नाहीं. मोठ्यांच्या चेहऱ्यावर खरूज सहसा होत नाहीं. तान्ह्या मुलांच्या मात्र तळहातांवर, तळपायांवर व डोक्यावरही होते.

पुटकुळ्यांजवळ कधीं कधीं करड्या रंगाची, वांकडीतिकडी, बारीक रेघ दिसते. ती दिसली तर संशय उरत नाहीं. ही रेघ म्हणजे खरजेच्या किड्याच्या मादीनें कातडींत पोखरलेला मार्ग होय. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असून त्या मार्गांत रोज दोन-तीन अंडीं घालते. बोनोमो नांवाच्या इटालियन वैद्यानें १६८७ सालींच हा किडा सूक्ष्मदर्शकानें पाहून त्याचें वर्णन केलें होतें, तरी पंडितांची खात्री पटेना. शेवटीं १८३४ सालीं कॉर्सिका बेटाच्या रेनुची नामक विद्यार्थ्यानें पॅरिस येथें तो सुईनें काढून दाखविला. फोडांत न शोधतां रेघेच्या टोंकाशीं शोधावा, ही युक्ति तो आपल्याकडील गरीब बायकांपासून शिकला होता! परंतु खाजवून खाजवून रेघ पुसून जाते. म्हणून रेघ नाहीं एवढ्यावरून खरूज नाहीं असें ठरवूं नये.

नायट्याशीं हिची गल्लत फार होते. नायट्याचा चट्टा वाटोळा, कडेला उठावदार व मध्यें निवळलेला असतो. दुकानांतून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमानें दोहोंचीही खाज थोडे दिवस दबते, खुणा बदलतात, व रोग आंत वाढत राहतो. मींही एकदां शेजारच्या मुलाच्या हातावरील खपल्या उष्णतेच्या समजून नुसता निंबाचा पाला सांगितला होता. महिन्याभरांत त्याचीं चारही भावंडें खाजवूं लागलीं.

असें कां झालें? पहिल्यानें लागण झालेल्यास चार ते सहा आठवडे खाज सुटतच नाहीं, पण तेवढ्या काळांत तो दुसऱ्यास रोग देऊं शकतो. एका अंथरुणांत निजणें, मूल कडेवर घेणें, अशा निकट स्पर्शानें ती पसरते. रोज स्नान करणारासही ती होते. तेव्हां घाणेरडा म्हणून कोणास हिणवूं नये, नाहीं तर लोक ती लपवितात.

म्हणून खाज असो वा नसो, घरांतील सर्वांनीं एकाच रात्रीं औषध लावावें. ५ टक्के परमेथ्रिनचें मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावून सकाळीं धुवावें व आठवड्यानें पुन्हां लावावें. त्याच दिवशीं अंथरुणें-कपडे गरम पाण्यानें धुवून उन्हांत घालावे. दोन महिन्यांखालील मुलासाठीं आधीं डॉक्टरांस विचारावें. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहूं शकते. पण फोडांत पू झाला तर वाट पाहूं नये. त्यांतील जंतूंमुळें मूत्रपिंडासही इजा होते. मुलाचें तोंड सुजलें किंवा लघवी लाल अथवा कमी होऊं लागली, तर त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें.