संघटनेची शिस्त आणि अडलेला घोडा

१८६१ सालची गोष्ट. फ्रान्समधील कोमेंत्री येथील कोळशाच्या खाणीत सहाव्या पातळीवर काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. तेथील तरुण अभियंत्याने दुसरा घोडा मिळावा म्हणून लेखी मागणी केली. परंतु तीवर व्यवस्थापकांची सही नसल्याने तबेल्यावरील माणसाने घोडा देण्यास नकार दिला. व्यवस्थापक बाहेर गेलेले होते आणि त्यांच्या गैरहजेरीत सही कोणी करावयाची, हे ठरलेले नव्हते. विनवण्या व्यर्थ ठरल्या आणि त्या पातळीवरील उत्पादन बुडाले.

तो अभियंता म्हणजे हेन्री फेयॉल (१८४१–१९२५). तबेल्यावरील माणसाने हुकूम मोडला नव्हता, उलट तंतोतंत पाळला होता. दोष व्यक्तीचा नसून रचनेचा होता. पुढे १८८८ मध्ये डबघाईला आलेल्या त्याच कंपनीची सूत्रे फेयॉल यांच्या हाती आली. त्यांनी तिला सुस्थितीत आणले आणि १९१८ पर्यंत तिचे नेतृत्व केले. या अनुभवाचे सार त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केले.

नियोजन, संघटन, आज्ञा, समन्वय आणि नियंत्रण ही प्रशासनाची पाच अंगे होत, असे फेयॉल यांचे प्रतिपादन आहे. त्यांनी सांगितलेल्या चौदा तत्त्वांपैकी तीन विशेष महत्त्वाची आहेत. जबाबदारी द्यावयाची तर तेवढाच अधिकारही द्यावा. प्रत्येक कर्मचाऱ्यास आज्ञा एकाच वरिष्ठाकडून मिळावी. वरपासून खालपर्यंत अधिकाराची साखळी अखंड असावी. मात्र प्रत्येक कागद या साखळीतून चढला आणि उतरला तर कामाचा खोळंबा होतो, हेही त्यांनी ओळखले. म्हणून वरिष्ठांच्या संमतीने समान दर्जाच्या दोन अधिकाऱ्यांनी परस्पर निर्णय घ्यावा व तो वरिष्ठांस कळवावा, असा 'पूल' त्यांनी सुचविला.

याच काळात अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी कामाच्या शास्त्रशुद्ध मोजमापावर भर दिला. एका कामगारावर निरनिराळ्या विषयांचे आठ तज्ज्ञ मुकादम असावेत, असे त्यांचे मत होते. जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांनी लेखी नियम, पदश्रेणी आणि योग्यतेनुसार नेमणूक ही नोकरशाहीची लक्षणे विशद केली. तबेल्यावरील माणूस नियमाला जागला. पण नियमात तरतूद नसलेला प्रसंग उद्भवला, तेव्हा नियमच अडसर ठरला.

आठ मुकादम आणि एकच वरिष्ठ, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदणार? हर्बर्ट सायमन यांनी १९४६ मध्ये नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. परस्परविरोधी म्हणींप्रमाणे ही तत्त्वे जोडीजोडीने उभी असतात, अशी त्यांची टीका होती.

हा पेच महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांत जिल्हा आरोग्य अधिकारी प्रशासकीयदृष्ट्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली, तर तांत्रिक बाबतीत आरोग्य विभागाच्या मार्गदर्शनाखाली काम करतात. अशा ठिकाणी कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द अखेरचा, हे आधीच स्पष्ट असणे आवश्यक ठरते.

तत्त्वे ही कुलपाची किल्ली नव्हेत. फेयॉल यांनीही ती लवचिकच मानली. तथापि, कोणत्याही कार्यालयाने स्वतःस एक प्रश्न अवश्य विचारावा : साहेब दौऱ्यावर असताना अडलेल्या माणसाच्या अर्जावर सही कोण करणार? याचे उत्तर जेथे लेखी तयार असते, तेथे रचना माणसाच्या उपयोगी पडते.