ल पों-द-मोंव्हेर: पुलावर थोडं थांबा

दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेनच्या डोंगरांत, तार्न नदीकाठी, ल पों-द-मोंव्हेर हे दगडी घरांचं लहानसं गाव आहे. लेखक आर. एल. स्टीव्हन्सन १८७८ मध्ये मोदेस्तीन नावाची गाढवीण घेऊन इथून चालत गेला. त्याची वाट आता 'जीआर ७०' या नावाने आखलेली आहे. अख्खी वाट चालायला वेळ नसेल, तर ल ब्लेमार ते हे गाव एवढा एक दिवसाचा टप्पा तरी कराच.

वाट: अंतर सुमारे २० किलोमीटर. मों लोझेरचा १,६९९ मीटरचा माथा गाठून गावात उतरायचं. माथा उघडाबोडका, वारा झोंबरा. धुक्यात वाट सापडावी म्हणून पूर्वी रोवलेले उभे दगड दिसतात. आज पांढऱ्या-लाल पट्ट्यांमागे चालायचं. फुली दिसली की ती वाट आपली नाही.

कधी: मे-जून किंवा सप्टेंबर. शरद ऋतूत इथे अचानक मुसळधार पाऊस कोसळतो. हवामानाचा अंदाज पाहूनच निघा.

तयारी: माथ्यावर सावली नाही, म्हणून पाणी आणि विंडचीटर सॅकमध्ये हवंच. मुक्काम आधी ठरवा. हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, चूल पेटवू नका.

गावात: जुन्या पुलावर उभे राहा आणि इथे काय घडलं ते आठवा. राजा चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचं उपासनास्वातंत्र्य काढून घेतलं. त्यांची प्रार्थनामंदिरं पाडली गेली, आणि माणसं रानात, गुहांत लपून प्रार्थनेला जमू लागली. पळून जाताना सापडलेल्यांना कॅथलिक धर्मगुरू द्यु शैला याने याच गावात डांबलं होतं. २४ जुलै १७०२ च्या रात्री स्तोत्रं गात आलेल्या जमावाने कैदी सोडवले आणि द्यु शैलाला ठार केलं. काही दिवसांतच बंडाचा एक पुढारी एस्प्री सेगिए याला इथेच जिवंत जाळलं. कामिसारांचं, म्हणजे या प्रोटेस्टंट बंडखोरांचं, युद्ध पेटलं. बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून १७०३ मध्ये राजाच्या सैन्याने या डोंगरांतल्या शेकडो वाड्या-वस्त्या उद्ध्वस्त केल्या.

पुढे: वाट फ्लोराकमार्गे सें-जेर्मे-द-काल्बेर्तला जाते. द्यु शैलाला तिथल्या चर्चमध्ये पुरलं आहे. तिथून आंद्यूझजवळच्या म्याले गावी वाकडी वाट करा. कामिसारांचा सेनापती रोलां याच्या घरात 'म्यूझे द्यु देझेर' हे प्रोटेस्टंटांच्या त्या काळाचं संग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणं बघा. एकच बघून परतलात, तर या डोंगरांचं निम्मं दुःख तुमच्या नजरेतून सुटेल.