खपली आणि साधा गहू : सोयरीक का जुळत नाही?



कणकुंबीच्या पावसात आपले पीक भात आणि नाचणी. पण बेळगाव, चिकोडी, निपाणी भागात रब्बीला खपली गहू होतो, आणि खिरीसाठी तो आपल्याही घरी येतो. शेजारच्या वावरात साधा गहू असला तर खपलीचे बी बिघडते का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचा आज विचार करू.

वंशाचे गुण पेशीतील गुणसूत्रांत असतात. ती जोडीने राहतात. खपलीत 14 जोड्या, म्हणजे 28. साध्या गव्हात 21 जोड्या, म्हणजे 42. परागकण व बीजांड तयार होताना प्रत्येक जोडी सुटते आणि निम्मीच गुणसूत्रे पुढे जातात. म्हणून दोघांच्या संकरात 14 आणि 21 मिळून 35 येतात. त्यांच्या 14 जोड्या जुळतात; उरलेल्या 7 गुणसूत्रांना जोडीदारच नसतो. वाटणीच्या वेळी ती कशीही विखुरतात, काही वाटेतच नाहीशी होतात. म्हणून अशा रोपाची ओंबी नीट भरत नाही. जपानचे हितोशी किहारा यांनी 1924 साली दाखवले की पुढील पिढ्या हळूहळू 28 किंवा 42 कडेच वळतात.

तरीही चिकाटीने हा संकर उपयोगी पडला. अमेरिकेत मॅकफॅडन यांनी 1916 साली खपलीच्याच जातीचा यारोस्लाव्ह गहू साध्या मार्क्विस गव्हाशी जुळवला. त्यातून ‘होप’ हा काळ्या तांबेऱ्याला तोंड देणारा गहू निघाला. त्याचा हा गुण पुढे जगभरच्या अनेक वाणांत उतरला. तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी 1922 साली तिकडे 12 गहू निवडले गेले. त्यांत एकाचे नाव ‘खपली’च होते.

आता मूळ प्रश्न. गव्हाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे शेजारच्या वावराची भीती फारशी नाही. खरी भेसळ होते ती खळ्यावर, मळणी यंत्रात आणि पोत्यांत. म्हणून :

1. बियाण्याची खपली वेगळी मळावी. आधी यंत्र झाडून घ्यावे.
2. ओंब्या निसवल्यावर वेगळी दिसणारी रोपे उपटावीत.
3. मळल्यावरही खपलीचा दाणा टरफलातच राहतो. बियाण्यात उघडे दाणे फार दिसले, तर साधा गहू मिसळला असा संशय घ्यावा.

निसर्गाने खपलीचे कुंपण आतून घातले आहे. खळ्यावरचे कुंपण आपणच राखायचे.