पोटखराबा : एका मुक्कामाचा अभ्यास

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीलायक क्षेत्राच्या खाली एक रकाना असतो : पोटखराबा. शेतकऱ्याच्या नावावर असलेली, पण नांगर चालत नाही अशी जमीन त्यात दाखवतात. सांगोला तालुक्यातील आमच्या शेतात असा सुमारे तीन एकरांचा ओघळींनी फाटलेला माळ आहे. येत्या उन्हाळ्यात यंत्र लावून तो सपाट करावा आणि डाळिंब लावावे, असा वडिलांचा विचार आहे. भूगोलाच्या तासाला ही गोष्ट निघाली तेव्हा सरांनी विचारले, ‘‘खराब म्हणजे कशासाठी खराब?’’ मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात आम्ही पाच विद्यार्थी आणि सर दसऱ्यानंतरच्या शनिवारी जीप आणि दोन तंबू घेऊन निघालो.

पहिला थांबा नान्नज. सोलापूरहून बार्शी रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटर. येथील माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. सोलापूर व शेजारच्या जिल्ह्यात मिळून त्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. गावे, शेते, रस्ते सारेच पहिल्या हद्दीत आल्याने लोकांची नाराजी होती, हेही नोंदवले पाहिजे. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. त्याला झाड नको, मोकळी नजर हवी. आपण मात्र उजाड माळ दिसला की तेथे झाडे लावणे हेच पुण्य मानतो. गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारख्या परदेशी झाडांची लागवड गवताळ माळांवर झाली आणि ज्याच्यासाठी माळ राखायचा, त्याचीच अडचण झाली. आज हा पक्षी साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरला असून त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. आम्हाला तो दिसला नाही. काळविटांचा एक कळप आणि गवतावरून तरंगत जाणारा एक भोवत्या, एवढेच दिसले.

तेथून मोहोळ, पंढरपूर करीत सांगोल्याकडे वळलो. उजनी धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस पंढरपूरपर्यंत सोबत करतो. पुढे काळी माती विरळ होते, मुरूम वर येतो आणि माणदेशाची चाहूल लागते. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस सुमारे पाचशे मिलिमीटर, आणि त्यातलाही बराचसा थोड्याच दिवसांत कोसळणारा. आमच्या माळावर उभे राहून सरांनी ओघळींचा धडा दिला. बेसॉल्ट खडक झिजून मुरूम होतो. गवताची मुळे त्याला धरून ठेवतात. एकदा ती सैल झाली, की वळवाचा पाऊस प्रथम बारीक रेघा पाडतो, रेघांच्या नाळी होतात, नाळींच्या घळी. ‘‘घळ खालून वर सरकते,’’ सर म्हणाले, ‘‘म्हणजे ती तुमच्या चांगल्या शेताकडे चालत येते. तिला थोपवते ते वरच्या अंगाचे गवत.’’ ज्याला आम्ही खराबा म्हणत होतो, तोच आमच्या ज्वारीच्या तुकड्याची राखण करीत होता.

तंबू तेथेच ठोकले. दोनशे पावलांवर धनगरांचा वाडा उतरला होता : शेसव्वाशे मेंढरे, दोन घोडी, तीन कुत्री आणि कोकरांभोवती जाळीची वाघर. जेवणानंतर आम्ही त्यांच्या शेकोटीशी जाऊन बसलो. घोंगडे पांघरलेल्या आबांना मी विचारले, ‘‘आबा, ह्या पडीक रानात मेंढरांना मिळतं तरी काय?’’

ते हसले. ‘‘आरं लेकरा, पडीक कुनी केलं त्येला? ही पवन्या, त्यो मारवेल, पलीकडं कुसळी. कुसळीला कुसं धरायच्या आत चारायची. ह्येवर चारतो म्हनून तर तुज्या बापाच्या वावरात मेंढरं बसवाया येतो.’’

‘‘आणि लांडगा?’’

‘‘येतो की. त्येचा बी वाटा आस्तोय. पर राखनीला मानूस जागा पायजे.’’

मेंढरे रात्रभर शेतात बसवली की लेंडीमुताचे खत जागच्या जागी पडते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पण दिवसा चरायला माळ नसेल तर रात्री खत द्यायला मेंढरे येतील कोठून? वडिलांच्या हिशेबात डाळिंबाचे उत्पन्न होते. खताची ही बाजू त्यात धरलेली नव्हती. आणि माझ्याही डोक्यात ती त्या रात्रीपर्यंत आली नव्हती.

रविवारी सकाळी सांगोल्याचा जनावरांचा बाजार पाहिला. पांढरी, उंच, लांब शिंगांची खिलार जनावरे ही या कोरड्या मुलखाचीच देणगी. पूर्वी त्यांचे कळप माळावर वाढवणारे ते थिल्लारी. भरपूर पाण्याच्या प्रदेशात हे काटक बैल निपजले नाहीत, हे विसरता येत नाही.

परतीच्या वाटेवर सरांनी अमेरिकेतील दक्षिण डाकोटाचे उदाहरण दिले. तेथील ओघळींच्या प्रदेशाला लाकोटा लोक ‘माको सिका’, म्हणजे वाईट जमीन, म्हणत. प्रवासाला अवघड म्हणून. भोवतालचे गवताळ मैदान मात्र त्यांच्या गव्यांचे चराऊ रान होते. १८६२ च्या कायद्याने सरकारने कसणाऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली आणि गवताची मैदाने नांगराखाली जाऊ लागली. १९३० च्या दशकात अवर्षण आले तेव्हा दक्षिणेकडील मैदानांची नांगरलेली माती धुळीची वादळे होऊन उडाली. डाकोटातल्या ओघळींच्या त्या प्रदेशाचा काही भाग आज राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला जातो.

तेव्हा सरांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे : पोटखराबा म्हणजे नांगरासाठी खराब. तो शब्द महसुलाच्या हिशेबाचा आहे आणि तेथे तो योग्यच आहे. चूक आपली, की आपण तो जमिनीच्या साऱ्या गुणांवर चिकटवला.

वडिलांना मी हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘तुझं शिक्षण गवतावर होत नाही, बाबा. फी डाळिंबातून येते.’’ हेही खरेच आहे, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. शेवटी ओघळींच्या वरच्या अंगाचा एक एकर गवताला सोडायचे त्यांनी कबूल केले. उरलेल्या दोन एकरांवर यंत्र लागेल. पुढच्या पावसाळ्यात घळ किती सरकते, हे मोजण्यासाठी मी तिच्या तोंडाशी दोन खुंट्या मारून आलो आहे.