पहिलं हत्यार आणि तेही जुनं?

चि. भाचेबुवांस,



गन शोमध्ये तू एका जुन्या कोल्टवर जीव टाकून आला आहेस, ही बातमी तुझ्या आईमार्फत इथवर पोहोचली. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक विकत घेता येत नाही. ग्रीन कार्ड आलं की ती आडकाठी जाते आणि वेस्टर्न सिनेमे पाहत वाढलेल्या मुलांचे पाय आपसूक जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या टेबलाकडे वळतात. हौसेला कोणाची ना नाही. मात्र नवशिक्याने पहिलंच हत्यार जुनं घ्यावं, हे काही पटण्यासारखं नाही. त्याची कारणं लोखंडाच्या आत आहेत, वरच्या चकाकीवरून ती कळत नाहीत.

सर्वांत आधी घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा हॅमर. अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शनमध्ये घोडा खाली टेकवला, की त्याची पिन थेट काडतुसाच्या टोपीवर येते. हत्यार घोड्यावर आपटलं तर चापाला बोट न लावताही गोळी सुटू शकते. म्हणून जाणकार सिलिंडरच्या सहा घरांपैकी पाचच भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. सिनेमातला नायक धडाधड सहा गोळ्या झाडतो, ती दिग्दर्शकाची हौस.

हा दोष फक्त कोल्टपुरता नव्हता. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनचं ‘व्हिक्टरी’ हे रिव्हॉल्व्हर अमेरिकी नौदलात होतं. १९४४ साली असंच एक भरलेलं हत्यार जहाजाच्या पोलादी डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. घोडा अडवणारी आतली जुनी रचना अपुरी ठरली. कंपनीने घाईने नवी रचना बसवली आणि अनुक्रमांकातल्या ‘व्ही’आधी ‘एस’ जोडला. आजही जाणता गिऱ्हाईक ‘व्हिक्टरी’ हातात घेतली की आधी हे अक्षर शोधतो. रुगर कंपनीला आपली सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरं सुधारायला १९७३ साल उजाडावं लागलं. तेव्हापासूनच्या रुगरमध्ये चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोहोचत नाही. त्याआधीच्या, फ्रेमवर तीन स्क्रू दिसणाऱ्या मॉडेलांत कंपनी ही दुरुस्ती फुकट करून देते. तरीही कित्येक मालक ती करून घेत नाहीत. का, तर संग्राहकांच्या बाजारात मूळ अवस्थेतल्या वस्तूला भाव जास्त! तुझ्यापुढे येणारं ‘एकदम ओरिजिनल’ रिव्हॉल्व्हर यातलंच असू शकतं.

मुंबईतलं उदाहरण तर ताजं आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या परवानाधारी रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्याच्या पायात घुसली. ठेवताना हत्यार हातातून निसटलं, असं त्याच्या व्यवस्थापकाने सांगितलं. घरातलं, ओळखीचं, वर्षानुवर्षं जवळ असलेलं हत्यार, आणि तेही भरलेलं.

दुसरा घोळ काडतुसांचा. तो जास्त फसवा आहे, कारण चुकीचं काडतूस पुष्कळदा आत बेमालूम बसतं. ब्रिटनला पाठवलेल्या ‘व्हिक्टरी’ .३८ स्मिथ अँड वेसन या काडतुसासाठी होत्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या अनेकींची घरं खोल करून त्या .३८ स्पेशल म्हणून विकल्या गेल्या. स्पेशलची पुंगळी किंचित बारीक असते, त्यामुळे त्या सैल घरात ती फुगते, कधी फाटते. ब्रिटिश अमलात आपल्याकडच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला दिसणारी .४५५ ची वेबली अमेरिकेत आली, तेव्हा तिथे सहज मिळणारं .४५ एसीपी बसावं म्हणून तिच्या सिलिंडरची मागची बाजू तासली गेली. कारखान्यातलं .४५ एसीपी वेबलीला झेपेल त्याहून जास्त दाब निर्माण करतं. एकोणिसाव्या शतकातली कित्येक रिव्हॉल्व्हरं तर काळ्या दारूसाठीच घडवलेली आहेत. त्यांत आधुनिक दारूचं काडतूस घालणं म्हणजे आपणहून स्फोटाला आवतण देणं. नळीवर कोरलेला आकडा मूळचा असतो, नंतर कोणी आत काय कोरलं ते त्यावर लिहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट टायमिंगची. हत्यार रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, विक्रेत्याच्या परवानगीने घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढावा. घोडा अडकेपर्यंत सिलिंडर जागच्या जागी पक्कं बसलं पाहिजे, आणि ते प्रत्येक घरासाठी. एखादं घर नळीच्या रेषेत आलं नाही, तर गोळीचं शिसं कडेने तासलं जातं आणि त्याचे तुकडे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर उडतात. नळी उजेडाकडे धरून आत काळं कडं दिसतंय का ते बघावं. असं कडं म्हणजे कधीकाळी नळीत गोळी अडकलेली असताना वरून दुसरी झाडल्याची खूण. बाकीची मापं गनस्मिथचं काम. त्याची फी हत्याराच्या किमतीतच धरावी.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून बंदुकांची दाबचाचणी करून शिक्का मारतं, आणि शिक्क्याशिवाय विक्री बेकायदा असते. अमेरिकेत अशी सक्ती नाही. परवानाधारक दुकानदार खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासतो. हत्याराची तब्येत कोणीच तपासत नाही, आणि टेक्साससारख्या राज्यात तिथल्याच दोन खासगी माणसांच्या व्यवहारात तर खरेदीदाराचीही तपासणी सक्तीची नाही.

तेव्हा आधी रेंजवर शिकवणी लाव आणि तिथलंच हत्यार भाड्याने वापर. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण, सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ बोट नाही, आणि परतल्यावर साबणाने हात धुणं, कारण शिसं बोटांवर चिकटून घरी येतं. काडतुसं एका कुलपात, हत्यार दुसऱ्या. तुझी धाकटी आता खुर्चीवर चढून वरच्या कप्प्यापर्यंत पोहोचते, असं तुझी आईच सांगत होती.

पुढच्या वर्षीही हौस टिकली, तर १९७३ नंतरची एखादी रुगर बघ. ती कोल्ट हवीच असेल, तर विक्रेत्याला एवढंच विचार, की पैसे देण्याआधी गनस्मिथकडे नेऊ देशील का? तो नाही म्हणाला, तर व्यवहार करू नकोस.

तुझा,
मामा