चार अक्षरं, ३३ बाइट

भाचा : मावशी, वायफायला घराचंच नाव द्यावं म्हणून 'ज्ञानेश्वरी' टाइप केलं, तर राउटर म्हणतो नाव लांब झालं. चारच तर अक्षरं आहेत!

मावशी : तुझ्या-माझ्या डोळ्यांना चार. राउटर बाइट मोजतो, आणि नेटवर्कच्या नावाला, म्हणजे एसएसआयडीला, जागा असते ३२ बाइटची. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेला, पाय मोडायच्या चिन्हालासुद्धा तीन-तीन लागतात. मोज बघू.

भाचा : ज, त्याचा मोडलेला पाय, ञ, काना... न, मात्रा... श, पुन्हा मोडलेला पाय, व, र, वेलांटी. अकरा. म्हणजे ३३! एका बाइटने हुकलं?

मावशी : हो ना. ही मर्यादा १९९७च्या पहिल्या मानकापासूनची. जोडाक्षरांच्या लिपीला ती फार तोकडी पडते, मला हे नेहमी खटकतं. 'ज्ञानदेव' ठेव, २४ बाइटांत बसेल.

भाचा : पण फोनने काही न विचारता त्याला नावं कळतात कशी?

मावशी : राउटर दवंडी पिटत असतो. तिला बीकन म्हणतात. साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा. तीत नाव असतं, चॅनल, वेग, सुरक्षा कोणती तेही असतं, आणि त्या रेडिओचा ४८ बिटांचा क्रमांक, बीएसएसआयडी. पासवर्ड नसलेल्यालाही ती ऐकू येते. फोन एकेका चॅनलवर थांबून ऐकतो. घाई असली तर स्वतःच विचारतो, 'इथे कोण कोण आहे?'

भाचा : शेजारच्या काकांनी तर नाव लपवून ठेवलंय. ते जास्त सुरक्षित ना?

मावशी : नाही रे. दवंडी चालूच राहते, फक्त तीत नावाची जागा रिकामी. मग त्यांच्या फोनला ते नेटवर्क शोधायचं तर नाव घेऊन हाक मारावी लागते. काका एसटी स्टँडवर असले तरी फोन 'अमुक आहे का, अमुक आहे का' असं पुकारू शकतो. घरात लपवलेलं नाव गावभर! त्यापेक्षा लांब पासवर्ड आणि डब्ल्यूपीए३ ठेवावं.

भाचा : आणि आपलंच नाव दुसऱ्या कुणी ठेवलं तर?

मावशी : कुणी अडवत नाही. मोठ्या कॉलेजात तर मुद्दाम सगळ्या ॲक्सेस पॉइंटना एकच नाव देतात, म्हणजे चालता चालता फोन एकावरून दुसऱ्यावर जातो. कोणता कुठला, ते तो बीएसएसआयडीवरून ओळखतो. पण हीच मोकळीक ठगालाही मिळते. बिनपासवर्डच्या नेटवर्कचं नाव त्याने लावलं, की फोन जुनी ओळख समजून आपणहून जोडला जाऊ शकतो. पासवर्ड असलेल्या घरच्या नेटवर्कचं तसं नाही. तिथे पासवर्ड माहीत असल्याचं राउटरलाही सिद्ध करावं लागतं, नुसत्या नावावर भागत नाही.

भाचा : थांब, माझ्या फोनमध्ये स्टेशन, मॉल, दोन हॉटेलं, सगळी साठवलेली आहेत. आधी ती पुसतो.