ताप नाही, तरीही सांगा

हृदय-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात मी सिस्टर आहे. घरी जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या माणसांना जे बजावते, तेच इथे लिहिते आहे.

१. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी औषधं देतात. त्यांनी प्रतिकारशक्ती दबते. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, आपण रोज ते श्वासातून आत घेतो. या रुग्णांच्या फुप्फुसात मात्र ती रुजते, रक्तवाहिन्यांत शिरते, मेंदूपर्यंतही जाते.

२. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. स्टेरॉइड ताप दाबून टाकतं. एक काका तपासणीला आले, म्हणाले, "सगळं छान आहे, सिस्टर." काकूंनी मध्येच सांगितलं, "कोरडा खोकला आहे हो, आणि जिन्यात मध्येच थांबतात." सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठ दिसली, भोवती धूसर वलय. दुर्बिणीतून घेतलेल्या नमुन्यात ॲस्परजिलस निघाला. औषध लगेच सुरू झालं, काका बरे झाले. काकू बोलल्या नसत्या तर?

३. हे मी सर्वांत कळकळीने सांगते. बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल टॅक्रोलिमसला शरीरात मोडू देत नाही. रक्तातलं प्रमाण चढतं, हात थरथरतात, किडनीवर ताण येतो. म्हणून डॉक्टर टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. उलट, व्होरिकोनॅझोल थांबलं आणि डोस वाढवायचा राहिला, तर शरीर हृदय नाकारू शकतं. नायट्यासाठी केमिस्ट सहज देतो त्या फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोलच्या गोळ्याही असाच घोळ घालतात. प्रत्यारोपणाच्या टीमला विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका.

४. म्युकर ही दुसरी बुरशी २०२१मध्ये घराघरांत माहीत झाली. त्यावर व्होरिकोनॅझोल चालत नाही, ॲम्फोटेरिसिन द्यावं लागतं. ते चालू असताना क्रिएटिनिन आणि पोटॅशियमवर सतत नजर हवी. गाल सुजला, नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

५. बुरशीचे बीजाणू टाळायचे म्हणून दिवाळीची झाडलोट, कुंड्यांची माती, कबुतरांची घाण, शेजारचं तोडकाम, ओल धरलेली भिंत यांपासून रुग्णाला लांब ठेवा.

नातेवाइकांनो, नवा खोकला किंवा दम दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. रुग्ण नको म्हणाला तरी फोन करा.